वाचक विचारतात: घाटात पेट्रोल तोडणारी पिकअप

प्रश्न: माझी कार्बोरेटरची जुनी पेट्रोल पिकअप आहे. कणकवलीच्या सपाटीला गाडी झकास चालते. आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढायला लागलो की दहा-पंधरा मिनिटांत झटके खाते आणि बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. कार्बोरेटर दोनदा साफ केला, फरक नाही.

उत्तर: तिसऱ्यांदा कार्बोरेटर खोलू नका. पेट्रोल तिथवर पोहोचतं का, हे आधी मोजा. तुम्ही सांगता ती लक्षणं बहुतेक वेळा टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या मागच्या, म्हणजे टाकीकडच्या बाजूची असतात. सपाटीला इंजिन थोडं पेट्रोल पितं, तेवढं अर्धवट तुंबलेल्या पाइपातूनही येतं. चढावर मागणी वाढते, शिवाय मागची टाकी इंजिनापेक्षा आणखी खाली जाते. पंपाला जास्त उंचीवर ओढावं लागतं, आणि कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या कपातलं पेट्रोल संपतं. थांबल्यावर कप हळूहळू भरतो.

गाडी बंद पडेल त्याच क्षणी इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडातून खाली बघत अॅक्सिलरेटरची तार झटक्यात ओढा. पेट्रोलची धार उडाली तर कपात पेट्रोल आहे. मग ठिणगीला वीज देणारी इग्निशन कॉइल तपासा. तापलेली कॉइलही अगदी असाच दगा देते. धार नसेल तर टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी चालू लागली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

झाकण ठीक असेल तर गार इंजिनावर पंपाचा प्रवाह मोजा. कॉइलची वायर काढा, कार्बोरेटरकडचा पाइप सोडून धातूच्या डब्यात धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा. एकूण तीस सेकंदांत साधारण अर्धा लिटर, ठसठशीत झटक्यांनी यायला हवं. धारेत बुडबुडे दिसले तर पंपाआधीच्या पाइपातून हवा शिरतेय. ही गळती बाहेर थेंबभरही दिसत नाही, म्हणून ती सुटते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी पाइप क्लिपखाली आधी कुजतो, तिथे बोटाने चाचपा. जुन्या रबरी पाइपांना इथेनॉलचं पेट्रोल सोसत नाही, ते आतून फुगतात आणि सुटलेले कण फिल्टरमध्ये जातात. नवा पाइप घेताना त्यावर ‘एसएई जे३० आर९’ हे असं पेट्रोल सोसणाऱ्या पाइपाचं मानक छापलेलं बघा.

प्रवाह कमी आला तर पंपाचा ओढायचा पाइप स्वच्छ पेट्रोलच्या वेगळ्या डब्यात घाला. आता प्रवाह सुधारला तर दोष टाकीत, फिल्टरमध्ये किंवा पाइपात. तुंबलेला पाइप मोकळा करायला तो पंपापासून सोडूनच टाकीकडे हवा मारा. पंप जोडलेला राहिला तर त्याचे व्हाल्व जातात. डब्यातूनही प्रवाह कमीच असेल तर दोष पंपातच, बहुतेक त्याचा पेट्रोल ओढणारा पडदा फाटलाय. फाटक्या पडद्यातून पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकतं; ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, बेअरिंग जातील.

हे सगळं बरोबर निघालं आणि गाडी मे महिन्यातच त्रास देत असेल, तर पंपात पेट्रोलची वाफ होतेय. बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं ठेवा. लगेच सुरू झाली तर हेच. सायलेन्सरपासून पाइप चार बोटं दूर घ्या.

प्रश्न: पावसाळाभर उभी ठेवलेली गाडी आता सुरू केली की कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहतं.

उत्तर: फ्लोटच्या कपात येणारं पेट्रोल अडवणारी नीडल चिकटली किंवा तिच्याखाली गंज अडकलाय. पण आधी टाकीच्या तळाचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर पाणी धरलंय, आणि इथेनॉल पाण्यासोबत खाली बसलंय. वरून ताजं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही, सगळं काढा. नीडल आणि तिची सीट जोडीनेच बदला.

प्रश्न: त्यापेक्षा इलेक्ट्रिक पंप बसवला तर?

उत्तर: दाब बघूनच. इंजेक्शनच्या गाडीचा पंप मुळीच नको, त्याचा दाब नीडल ढकलून पेट्रोल इंजिनावर सांडेल. तीन-चार पीएसआय (दाबाचं एकक) दाबाचा पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवा, आणि ऑइलचा दाब गेला की बंद होणारा स्विच त्याला जोडा.