कॅन्सरची गाठ हाताला एवढी टणक का लागते?

टणक लागतं ते मुख्यतः पेशींभोवतीचं कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं, कॅन्सरच्या पेशी स्वतः तर बऱ्याचदा नॉर्मल पेशींपेक्षा मऊच असतात. होतं काय, ट्यूमरमधून (म्हणजे गाठीतून) टीजीएफ-बीटासारखे रासायनिक सिग्नल सुटतात, त्याने शेजारचे फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) चेकाळतात आणि जखम भरताना करतात तसं कोलॅजन टाकत सुटतात, फरक इतकाच की जखम भरली की ते थांबतं आणि इथे थांबतच नाही. वर लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हे धागे एकमेकांना जोडून अजून घट्ट करतं. त्याच वेळी एमएमपी नावाची एन्झाइम्स तेच जाळं जागोजागी कापून वाट मोकळी करतात, आणि धागे ताणले जाऊन ट्यूमरच्या कडेला काटकोनात उभे राहिले की कॅन्सरच्या पेशी त्यांच्यावरून रुळावरून गेल्यासारख्या बाहेर सरकतात (स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे मायक्रोस्कोपखाली दिसलेलं आहे). हा कडकपणा इलास्टोग्राफीत (सोनोग्राफी किंवा एमआरआयने गाठ किती कडक आहे ते बघणारी तपासणी) मोजताही येतो. पण टणक गाठ म्हणजे कॅन्सरच असं अजिबात नाही, आणि म्युसिनससारखे (चिकट म्युकस बनवणारे) काही कॅन्सर मऊही लागतात, त्यामुळे प्लीज हाताने अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरला दाखवा, नक्की काय ते बायोप्सीच सांगते.