पहिल्यांदाच सुरतला? यादी छाटा

भाऊ, ताप्ती लाइनने (जळगावहून सुरतला जाणाऱ्या रेल्वेमार्गाने) दोन दिवसांसाठी निघालात ना, मग सगळं बघायचा हट्ट सोडा.

सकाळी तापीकाठचा किल्ला. पोर्तुगीजांपासून बंदर राखायला 16व्या शतकात बांधलेला. आत संग्रहालय आहे. मग कतारगाम दरवाज्याकडचं इंग्रजांचं कबरस्तान. तिथली ईस्ट इंडिया कंपनीच्या ऑक्झेंडन भावांची घुमटवाली दुमजली कबर नीट फिरून बघा. मेल्यावरही साहेबांचा थाट मुघली! डचांचंही जवळच आहे. गोपी तळं जमलं तर.

नवखे इथं फसतात:
- उतरल्या उतरल्या साडी मार्केटात शिरतात, दिवस तिथंच जातो.
- डुमसच्या समुद्रकिनारी भरदुपारी जातात. काळी वाळू, पाय भाजतात.

लोचो (डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ) गरमच खा. सुरतच्याच उधना भागातल्या पाहुण्यांकडे मात्र शेवटी जा, आधी गेलात तर ते जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.