तडीपार: ‘तडी’ कुठली आणि ‘शिक्षा’ कसली?

प्रश्न असा आलाय की तडीपारमधली तडी म्हणजे ‘तडी देणे’ मधली, दमदाटीची तडी का, आणि तडीपार नि हद्दपार यात फरक काय. जोडीला असंही विचारलंय की शांतता-सुव्यवस्थेचं कारण देऊन पोलीस कोणालाही जिल्ह्याबाहेर काढू शकत असतील तर नागरिकाच्या स्वातंत्र्याचं काय उरलं.

आधी एक सांगतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. ‘अमुक गुंडाला दोन वर्षांच्या तडीपारीची शिक्षा ठोठावली’ असं बातम्यांत सर्रास येतं, आणि ते साफ चूक आहे. शिक्षा कोर्ट ठोठावतं, तीही खटला चालून गुन्हा शाबीत झाल्यावर. तडीपारीत खटला नसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 55 ते 57, त्याखाली निघतो तो आदेश. कलम 57 मध्ये निदान आधी कधीतरी शिक्षा झालेली असावी लागते, पण 56 मध्ये तीही गरज नाही, हा माणूस पुढे काहीतरी करेल आणि साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत एवढं अधिकाऱ्याचं समाधान झालं की पुरे. म्हणजे जे अजून घडलेलंच नाही त्याच्यासाठी माणूस घरदार सोडून जातो, आणि आपण त्याला ‘शिक्षा’ म्हणतो, मग वाचणाऱ्याला वाटतं की चला, कोर्टाने बघितलंय म्हणजे असणारच काहीतरी.

आता तडी. दमदाटीच्या तडीशी हिचा काडीचा संबंध नाही. ही तड म्हणजे काठ, किनारा. संस्कृत तट, प्राकृतात तड, वटाचा वड आणि घोटकाचा घोडा झाला तसाच. गोव्यात नदीच्या पलीकडच्या काठाला आजही पलतड म्हणतात. आपण ‘काम तडीस नेलं’ म्हणतो तेव्हा नाव काठाला लावलेली असते, फक्त आता कोणाला नाव दिसत नाही. आणि ‘पार’ म्हणजे मुळात पलीकडचा तीर, म्हणून जो पार पोचला तो पारंगत, आणि पार अधिक अवार, पलीकडचा नि अलीकडचा काठ मिळून पारावार. ‘आनंदाला पारावार राहिला नाही’ म्हणजे दोन्ही काठ दिसेनासे झाले, किती सुंदर आहे हे!

माझं मत, आणि मी ते सोडणार नाही, असं की तडीपार हा शब्द नदी हीच हद्द असायची त्या काळाच्या आठवणीतून आलाय. दोन मुलखांच्या मधे नदी, नको असलेल्या माणसाला उतारावरून, म्हणजे नदी जिथे पायी ओलांडता येते तिथून, पलीकडे घालवायचं, की झाला तडीपार. याच तडीतून मी तडजोडही काढतो, दोन तडी जोडल्या ती तडजोड. यावर मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक माझ्याशी नेहमी भांडतात, त्यांचं म्हणणं तडजोड ही तोडजोडीवरून आलीय, थोडं तोडायचं थोडं जोडायचं. मग ‘तो’चा ‘त’ कसा झाला ते सांगा ना! तोडणे, तोडगा, तोडपाणी, सगळीकडे ‘तो’ शाबूत आहे आणि इथेच बरा घसरला. याच प्राध्यापकांना तडीपार हा पोलीस चौकीतला हलका शब्द वाटतो आणि त्याजागी ‘निष्कासन’ हवं असतं. गावातल्या माणसाला नोटीस आली तर निष्कासन वाचून त्याला काय कळणार, घर पाडणारेत की त्याला काढणारेत? स्वतःचा हक्क जातोय हे कळायला आधी शब्द कळावा लागतो, तडीपार म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं.

पण या सगळ्या कुळात माझा सगळ्यात लाडका शब्द वेगळाच आहे, तटस्थ. तट अधिक स्थ, काठावर उभा राहिलेला. प्रवाहात दोघं झोंबतायत आणि तिसरा काठावरून बघतोय, तो कोणाच्याच बाजूचा नाही, म्हणून त्याने निवाडा द्यायचा. तडीपार आणि तटस्थ हे एकाच तटाचे दोन शब्द, आणि नेमकं तडीपारीच्या कारवाईत तटस्थ कोणी नसतो! प्रस्ताव पोलीस ठाण्याचा, चौकशी पोलीस अधिकाऱ्याची, आयुक्तालय असलेल्या शहरात आदेश उपायुक्तांचा, ग्रामीण भागात प्रांताधिकाऱ्यांचा. साक्षीदारांचे जबाब गोपनीय. कलम 59 प्रमाणे नोटीस देतात, वकील लावता येतो, म्हणणं मांडता येतं, पण आरोप ‘सर्वसाधारण स्वरूपात’ कळवले की भागतं. कोणी काय सांगितलं हे माहीतच नसेल तर माणूस खोडून काढणार काय? अपील 30 दिवसांत, तेही राज्य सरकारकडेच. खरा तटस्थ भेटतो तो हायकोर्टात, तिथवर जायला पैसा लागतो आणि तोवर तडीपारीचे कितीतरी महिने उलटून गेलेले असतात.

साक्षीदार खरंच घाबरतात, हे मला मान्य आहे. वस्तीत हप्ते गोळा करणाऱ्याविरुद्ध भाजीवाला कोर्टात उभा राहणार नाही, म्हणून 1956 साली सुप्रीम कोर्टाने हे कलम 56 घटनेत बसतं असंच ठरवलं. पण अपवादाचं हत्यार सणासुदीला आणि निवडणुकीला घाऊक वापरायला लागलं की ते अपवाद राहत नाही. 2021 मध्ये अमरावतीच्या एका पत्रकाराची तडीपारी सुप्रीम कोर्टाने रद्द केली, माहिती अधिकारात अर्ज करून सरकारी पैशाच्या गैरवापराच्या तक्रारी करणारा माणूस तो. 2022 मध्ये जालन्याच्या प्रकरणात त्याच कोर्टाने सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, घटनेच्या कलम 19 ने दिलेला देशभर फिरण्याचा हक्क त्याने हिरावला जातो, आणि जास्तीत जास्त म्हणजे दोन वर्षांची मुदत लावायची तर ती का लावली हे आदेशात दिसलं पाहिजे. तेव्हा स्वातंत्र्याला धक्का बसतो का याचं उत्तर, हो बसतो, आणि हे मी नाही, कोर्ट म्हणतंय.

ही गोष्ट 1951 मध्ये सुरू झाली असंही नाही. मुंबई शहराच्या 1902 च्या पोलीस कायद्यात तडीपारीचं कलम 27 होतंच. त्याआधी 1897 मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, म्हणजे कंपनी सरकारच्या जुन्या कायद्याखाली, उचललं, खटला नाही, आरोपपत्र नाही. 1907 मध्ये लाला लजपतराय यांना 1818 च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली मंडालेला पाठवलं, तेही खटल्याविना. पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि तेही मंडालेलाच गेले, पण ज्यूरीपुढे खटला चालून. तो खटला अन्यायाचा होता हे आपण सगळेच मानतो, तरी टिळकांना आरोप माहीत होते आणि उत्तर देता आलं, ते उत्तर आजही वाचता येतं. लालाजींना ती संधीच नव्हती. टिळकांची ती शिक्षा, लालाजींचा तो आदेश, हा फरक ज्याला कळला तो ‘तडीपारीची शिक्षा’ कधीच लिहिणार नाही.

हां, हद्दपार राहिलंच. हद्द अरबीतून आलेली, तिचा आवाका मोठा, जिल्ह्यातून हद्दपार तसा देशातूनही हद्दपार, आणि ‘प्लॅस्टिक हद्दपार करा’सुद्धा चालतं. सरकारी आदेशांत बहुतेक हद्दपारच लिहितात. तडीपार फक्त माणसाला करतात, आणि तेही आपल्या भागापुरतं. प्लॅस्टिक तडीपार करा असं कोणी लिहिलं तर मी ते खोडेन.

आणि लिहायचं कसं, तर ‘तडीपारीचा आदेश काढला’ किंवा सरळ ‘तडीपार केलं’. शिक्षा हा शब्द एकाच ठिकाणी बरोबर बसतो, तडीपार माणूस परवानगीशिवाय परत आला, पकडला गेला आणि कलम 142 खाली कोर्टाने त्याला कैद दिली तर. तिथे ‘तडीपारीचा भंग केल्याबद्दल शिक्षा’ असं खुशाल लिहा.