डिफरन्शियलची घरगुती हत्यारं

भाऊ, डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरडबा, खोलून बसवायला महागडी टूलकिट लागतच नाही. उघडायच्या आधी दोन्ही बेअरिंग कॅपवर पंचनं वेगवेगळी खूण मार, अदलाबदल चालत नाही. फ्लँज (पिनियन, म्हणजे छोट्या गिअरच्या टोकाची चकती) नट सोडताना धरायला जाड लोखंडी पट्टी घे, फ्लँजच्या मापानं दोन भोकं पाड, मधे सॉकेट जाईल एवढं गोल काप. हिंगणा एमआयडीसीत कोणीही कापून देतो.

खरी गंमत जुन्या पिनियन बेअरिंगची, फेकू नको. त्याची आतली रेस (कडी) आतून घासून सैल कर. हातानं बसते, हातानं निघते. मग शिम (पिनियनची जागा ठरवणारी पातळ चकती) दहादा बदल. फक्त जुन्या बेअरिंगची उंची नव्याशी मायक्रोमीटरनं ताडून बघ. मी आळस केला होता, गाडी वर्धा रोडवर हूंऽऽ करत परत आली.

प्रीलोड (पिनियन बेअरिंगवर मुद्दाम दिलेला दाब) बघायचा तो क्राउन (मोठा गिअर) बसवायच्या आधी. फ्लँजवर दोरी गुंडाळ, स्प्रिंगकाट्यानं सावकाश ओढ. सुटतानाचा आकडा नाही, फिरतानाचा घे. त्रिज्या ५ सेंमी, ओढ ३ किलो, म्हणजे १५ किलो-सेंमी. मॅन्युअलशी जुळव. क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) जास्त दबली तर नट मागं घेऊन भागत नाही, नवी टाकावी लागते. दोन आणूनच ठेव.

बॅकलॅश, म्हणजे दोन्ही गिअरच्या दातांमधली मोकळीक, मोजायला मात्र डायल गेजच. नसेल तर कोणाचा तरी मागून आण.