शांतिसेनेत गेलो होतो; नातवाला काय सांगू?

प्रश्न : मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून नागपुरात इंदोऱ्याला राहतो. १९८७ साली भारतीय शांतिसेनेतून आमची पलटण श्रीलंकेत उतरली, तेव्हा जाफन्यातील तमिळ बायकांनी आम्हाला ओवाळले होते. तीन महिन्यांच्या आत त्याच गल्ल्यांतून आम्ही बंदुका रोखून फिरू लागलो. एका घराची झडती घेताना ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणाआड बसलेल्या म्हातारीने पाण्याचा तांब्या पुढे केला. विष असेल या भीतीने मी तो घेतला नाही. तिने आधी स्वतः दोन घोट घेतले आणि तांब्या पुन्हा पुढे केला. तरीही मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर सुरुंग फुटून माझे दोन सोबती गेले. बारावीत शिकणारा नातू परवा विचारत होता, "आजोबा, तुम्ही तिकडे कशासाठी गेला होता?" मला उत्तर देता आले नाही. अशी शंका मनात आणणे हा गेलेल्या सोबत्यांचा अपमान आहे का?
— एक माजी सैनिक, नागपूर

उत्तर : सुभेदारसाहेब, अपमान मुळीच नाही. जो तिथे लढला, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इतर कोणाहूनही अधिक आहे, असे मी मनापासून मानतो.

आपल्याला पाठवले गेले ते २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत केलेल्या करारानुसार. काम होते श्रीलंकेचे सैन्य आणि तमिळ बंडखोर यांच्यातील युद्धबंदी राखण्याचे आणि तमिळ संघटनांची शस्त्रे जमा करून घेण्याचे. परंतु वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या ज्या लिट्टे या संघटनेने शस्त्रे खाली ठेवायची, तिची त्या करारावर सहीच नव्हती, आणि ज्या तमिळ तरुणांना आपल्याच देशात प्रशिक्षण मिळाले होते, त्यांच्याशी लढण्याची वेळ पुढे आपल्या जवानांवर आली. ऑक्टोबरमध्ये लिट्टेच्या पकडलेल्या लोकांनी जाफन्याजवळच्या पलाली तळावर सायनाइड घेतले, आणि त्यानंतर काही दिवसांतच लिट्टेकडून जाफना घेण्यासाठी आपल्या सैन्याचे 'ऑपरेशन पवन' सुरू झाले. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ जण मारले गेले. शांतता राखायला आलेली फौज युद्धात ओढली गेली, आणि हे युद्ध कुठे थांबायचे हे कोणी नीट ठरवलेलेच नव्हते. १९७१ साली उद्दिष्ट स्पष्ट होते; डिसेंबरात युद्ध संपले आणि मार्च १९७२ पर्यंत आपले सैन्य बांगलादेशातून परतले. श्रीलंकेत आपण अडीच वर्षांहून अधिक काळ राहिलो.

या काळात जवानांनी दाखवलेल्या शौर्याला धोरणाच्या चुकीने बाधा येत नाही. महार रेजिमेंटचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागल्यावरही शत्रूच्या हातातली रायफल हिसकावून त्याला ठार केले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. नातवाला हे अभिमानाने सांगावे.

मात्र पुढचेही त्याच्यापासून लपवू नये. २१ आणि २२ ऑक्टोबरला जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि खाटांवरचे रुग्ण मारले गेले. सैन्याने ती चकमक असल्याचे सांगितले. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलेली हकीकत वेगळी आहे. आपले सुमारे १२०० जवान गेले हा आकडा आपण सांगतो, आणि तो सांगायलाच हवा, पण त्याच गल्ल्यांत मेलेल्या तमिळ माणसांना हिशेबाबाहेर ठेवले तर तो हिशेब खोटा ठरतो. ती म्हातारी आजही आपल्या डोळ्यांसमोर आहे, याचा अर्थ आपण तिला हिशेबाबाहेर ठेवलेले नाही.

१९८९ मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी आपल्याला निघून जाण्यास सांगितले, आणि त्यांच्याच सरकारने आपल्याविरुद्ध लढणाऱ्या लिट्टेला शस्त्रे पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा मद्रासमध्ये स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ज्यांनी हुकूम पाळला त्यांच्या वाट्याला हे आले, याचे मला आजही फार वाईट वाटते. आपल्याकडे परदेशात सैन्य पाठवण्यासाठी सरकारला संसदेची पूर्वसंमती घ्यावी लागत नाही. म्हणूनच अशा मोहिमांबद्दल शंका विचारणारे नागरिक हवेत, आणि त्यांत माजी सैनिक सर्वांत पुढे हवेत.

नातवाला तांब्याची गोष्ट सांगितली नसेल, तर सुरुवात तिथूनच करावी. त्याची परीक्षा झाली की त्याला दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात घेऊन जावे. तिथल्या भिंतींवर श्रीलंकेत पडलेल्या जवानांची नावे कोरलेली आहेत; आपल्या त्या दोन सोबत्यांची नावे त्याला आधी सांगून ठेवावीत आणि तिथे ती त्याची त्यालाच शोधू द्यावीत.