जुन्या गेमचे संगीत ब्राउझरमध्ये : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सदाशिव पेठ) : एमपी३ फाइल ब्राउझरमध्ये टाकली की लगेच वाजते, एनएसएफ फाइल मात्र नुसतीच डाउनलोड होते. तीस-चाळीस केबीच्या या फाइलमध्ये गेममधील सगळी गाणी असतात म्हणे. ती मावतात कशी?

उत्तर : एमपी३मध्ये ध्वनिमुद्रण असते; एनएसएफमध्ये, ढोलासारख्या आवाजांचे काही त्रोटक नमुने सोडले, तर ध्वनिमुद्रण नसतेच. तिच्यात असतो तो निन्टेंडोच्या ८ बिट यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम आणि त्याला लागणारी सुरांची कोष्टके. म्हणजे स्वरलिपी आणि ती वाचणारा वादक असे दोघेही त्या फाइलमध्ये बसलेले आहेत. नाही ते फक्त वाद्य. फाइलच्या आरंभीच्या १२८ बाइटमध्ये गाण्यांची संख्या, गाणे सुरू करणाऱ्या उपप्रोग्रामचा पत्ता आणि सेकंदाला सुमारे ६० वेळा हाक मारायच्या दुसऱ्या उपप्रोग्रामचा पत्ता दिलेला असतो. त्या प्रत्येक हाकेसरशी तो प्रोग्राम ध्वनिचिपला नवे आकडे देतो.

ब्राउझरला हे वाद्य मुळातून उभे करावे लागते : ६५०२ घराण्यातला प्रोसेसर आणि त्याच चिपमधील पाच ध्वनिवाहिन्या, म्हणजे दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक नमुन्यांची. त्रिकोणी वाहिनीला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही, म्हणून त्या काळच्या गेममधला खर्ज एकसारख्या जोराने वाजत राहतो. हे सारे करणारी ‘गेम म्युझिक इमू’ ही सी++ भाषेतील लायब्ररी एमस्क्रिप्टेन या साधनाने वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला वेगाने चालवता येणाऱ्या रूपात, रूपांतरित करता येते, आणि आजच्या साध्या फोनलाही ते काम जड जात नाही.

प्रश्न (कोथरूड) : लहानपणी आमच्याकडे कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम होता. त्यातले संगीत मी आता ब्राउझरमध्ये ऐकले, तर ते घाईघाईने वाजल्यासारखे वाटले. दोष प्लेअरचा की माझ्या आठवणीचा?

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. सामुराईसारखी जी यंत्रे आपल्याकडे घरोघरी आली, ती जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. जपान आणि अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र रेखाटत, तर आपले पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. त्या टीव्हीवर चित्र नीट दिसावे म्हणून नकली यंत्रे ५०च्या चालीवर चालत, आणि संगीताचा प्रोग्रामही चित्रागणिक एकदाच हाक मारली जाईल असे धरून लिहिलेला असल्याने लय थेट पाच-षष्ठांश होई. सूर मात्र उतरत नसे, कारण तो प्रोसेसरच्या घड्याळावर ठरतो : मूळ यंत्राचे १.७९ मेगाहर्ट्‌झ आणि अशा ५०च्या नकलांचे सहसा १.७७. हा फरक अर्धस्वराच्या सहाव्या भागाइतकाच आहे. ध्वनिफीत सावकाश फिरवली तर लय आणि सूर दोन्ही पडतात. येथे फक्त लय पडली, आणि आपल्या मनात राहिली आहे ती हीच संथ, पण सुरातली चाल.

वर सांगितलेल्या लायब्ररीत टेम्पो ०.८३ ठेवून पाहा. सूर जागेवर राहून लय उतरेल. एवढ्यानेही आवाजाचा पोत वेगळा वाटला, तर त्याचेही कारण आहे : काही नकली चिपांमध्ये चौकोनी लहरीच्या २५ आणि ५० टक्क्यांच्या रुंदीची (दर आवर्तनात लहर जितका वेळ वर राहते, ती रुंदी) अदलाबदल झालेली होती, त्यामुळे नाकातला आवाज भरीव आणि भरीव आवाज नाकातला होई. तपकीर गल्लीत दुरुस्तीला नेलेल्या त्या यंत्राची आपली आठवण चुकीची ठरवण्याआधी हे तपासलेच पाहिजे.

प्रश्न (हडपसर) : मी स्वतः असा प्लेअर लिहिला आहे. पान उघडल्यावर तो गप्प राहतो आणि सुरू झाल्यावर पान सरकवले की आवाज तुटतो.

उत्तर : गप्प राहण्याचे कारण सोपे आहे. वाचकाने स्वतः काही दाबल्याशिवाय पानाने आवाज करू नये, असा आजच्या ब्राउझरांचा नियम असून क्रोमने तो वेब ऑडिओला (पानाला ध्वनी तयार करू देणाऱ्या ब्राउझरमधील सोयीला) २०१८च्या अखेरीस लावला. ‘वाजवा’ बटण दाबले जाईल त्याच क्षणी वेब ऑडिओतील ऑडिओ कॉन्टेक्स्टचे ‘रिझ्यूम’ हे फंक्शन बोलवावे.

आवाज तुटतो त्या अर्थी आपण ध्वनी तयार करायला वेब ऑडिओतला जुना स्क्रिप्टप्रोसेसर वापरला असणार. तो पानाच्या मुख्य थ्रेडवरच चालतो, त्यामुळे पान सरकवणे, चित्रे रेखाटणे आणि ध्वनी तयार करणे ही कामे एकाच रांगेत उभी राहतात. त्याच्या जागी आलेले ऑडिओवर्कलेट ध्वनीच्या स्वतंत्र थ्रेडवर चालते आणि एका वेळी १२८ नमुने (येथे नमुना म्हणजे ध्वनिलहरीचे एक मोजमाप) मागते, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने दर २.७ मिलिसेकंदांनी एकदा. इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा भाग, त्याच थ्रेडवर न्यावा, फाइल वाचणे वगैरे कामे बाहेर ठेवावीत. मात्र ऑडिओवर्कलेट एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच मिळते; साध्या एचटीटीपीवर ते सापडत नाही म्हणून अनेकांचा एक अख्खा दिवस जातो.

प्रश्न (चिंचवड) : एसपीसी फाइली साधारण एकाच आकाराच्या का असतात? आणि व्हीजीएम कशी वेगळी?

उत्तर : सुपर निन्टेंडोच्या ध्वनिविभागाची स्वतःची ६४ केबी मेमरी होती. एसपीसी ही त्या मेमरीची एका क्षणी घेतलेली प्रत आहे. शीर्षभाग आणि चिपची रजिस्टरे (तिला दिलेले आकडे ठेवायच्या जागा) धरून ती ६६,०४८ बाइट भरते, आणि कोणी जादा माहिती जोडली असेल तरच तिच्याहून वाढते. तिच्यात वादकाबरोबर वाद्यांचे नमुनेही असतात. व्हीजीएममध्ये वादकच नाही : कोणत्या क्षणी कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहिला, याची ती नोंदवही आहे, आणि पुनरावृत्ती कोठून सुरू करायची ते तिच्यात लिहिलेले असते.

एनएसएफमध्ये गाण्याची लांबीच लिहिलेली नसते, त्यामुळे दोन आवर्तनांनंतर आवाज विरवत नेणे प्लेअरलाच करावे लागते. स्लायडर मागे ओढल्यावर तो जरा थबकतो, तेही साहजिक आहे, कारण मागचे काही साठवलेले नसल्याने वादकाला पहिल्या सुरापासून निःशब्द पळवत हव्या त्या जागी आणावे लागते.

प्रश्न (औंध) : संगणकावर वाजणारा प्लेअर आयफोनवर मात्र मुका राहतो.

उत्तर : फोनच्या कडेचे सायलेंटचे बटण पाहा. ते लावलेले असेल तर वेब ऑडिओचा आवाज बंद राहतो.