सगळे ईएमआय बंद करा म्हणतात, सही करू का?

प्रश्न : नमस्कार सर, मी धायरीला राहते, वय 41, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात 46 हजार येतात. मिस्टरांचं भोसरीला छोटं वर्कशॉप होतं ते बंद पडलं, आता ते टेम्पो चालवतात, महिन्याला 15 हजारापर्यंत मिळतात. वर्कशॉप वाचवायला मी माझ्या नावावर पर्सनल लोन काढलं होतं, त्याचे 4 लाख 80 हजार बाकी, व्याज 14 टक्के, हप्ता 17,500. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून 1 लाख 90 हजार, मिनिमम ड्यू साडेनऊ हजार भरतेय. पतसंस्थेचे दीड लाख राहिलेत, हप्ता 8 हजार, त्याला माझा भाऊ जामीनदार आहे. आतापर्यंत ओढाताण करून भरलं, या महिन्यात नाही जमणार. एका सेटलमेंटवाल्या कंपनीचा फोन आला, म्हणतात सगळे ईएमआय बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवतो, बँक तुम्हाला हात लावणार नाही, फक्त आमची फी आधी भरा. सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका आणि फी तर अजिबात भरू नका.

यांचं गणित असं असतं की तुम्ही हप्ते थांबवायचे, 90 दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबी थकीत कर्ज होतं आणि मग बँक कमी रकमेवर बोलायला तयार होईल या आशेवर बसायचं. त्या काळात व्याज चालूच, दंड वेगळा, सिबिल घसरतो तो वेगळाच. शिवाय ऑटो डेबिट बाऊन्स झालं तर चेक बाऊन्ससारखीच फौजदारी केस होऊ शकते, 2007 च्या पेमेंट सिस्टिम्सच्या कायद्यात कलम 25 आहे त्यासाठी. तुमचा आणि त्या कंपनीचा जो कागद होईल तो बँकेवर बंधनकारक नाही, बँकेने त्यावर सही केलेलीच नसते ना, मग हात लावणार नाही हे ते कुठल्या जोरावर सांगतात? आणि एक बघा, पगार ज्या बँकेत जमा होतो त्याच बँकेचं कार्ड किंवा लोन असेल तर थकल्यावर बँक त्या खात्यातून परस्पर पैसे वळते करू शकते.

आणि पतसंस्थेचं तर वेगळंच आहे. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली त्यांना वसुली दाखला मिळतो, वर्षानुवर्षं कोर्टात दावा चालवावा लागत नाही, आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे तुम्ही सगळे हप्ते बंद केले तर नोटीस भावाच्या दारात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पतसंस्थेचा हप्ता एकही चुकवायचा नाही, बाकीचं त्यानंतर.

आता तुमचा हिशोब मांडू. दोघांचे मिळून 61 हजार, घरखर्च आणि शाळेची फी धरून मी 34 हजार धरतोय, तुम्ही तुमचा खरा आकडा टाका. उरले 27. हप्ते आज 35 हजारांचे आहेत, म्हणून जमत नाहीये. पण बघा, कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर 1 लाख 90 हजारावर 6,650 नुसतं व्याज, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साडेनऊ हजार भरून मुद्दल जेमतेम सोळाशेने कमी होतं. तीच बाकी 18 टक्क्यांनी 36 महिन्यांच्या ईएमआयमध्ये करून मिळाली तर हप्ता साधारण 6,900. पर्सनल लोनची मुदत वाढवून 60 महिने केली तर 17,500 चा हप्ता 11,200 च्या आसपास येतो. पतसंस्था 8 हजार. एकूण 26,100, म्हणजे बसतंय, काठावर का होईना पण बसतंय. किंमत आहे याची, लोनवर साधारण 90 हजार व्याज जास्त जाईल आणि सिबिल रिपोर्टवर रिस्ट्रक्चर्ड, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून दिल्या, अशी नोंद येऊ शकते, तरी अर्ध्यात मिटवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

हप्ता चुकायच्या आधी जा, हे फार महत्त्वाचं. कस्टमर केअरच्या फोनवर विसंबू नका, ब्रँचला लेखी अर्ज द्या, सोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, वर्कशॉप बंद झाल्याचा एखादा कागद आणि वरचा हिशोब, अमुक तारखेला अमुक रक्कम देऊ शकते असं स्पष्ट लिहून. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, तेच ईमेलनेही पाठवा. बँकेने हो म्हणायलाच पाहिजे असा नियम नाही, पण तक्रार केली आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. पतसंस्थेची तक्रार तिथे चालत नाही, ती सहकार निबंधकाकडे.

बँक अजिबात ऐकत नसेल तर पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे तिथे जा, बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. केस दाखल व्हायच्या आधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं आणि तिथे जे ठरतं त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते, त्यावर अपील नाही, म्हणून जमेल तेवढाच हप्ता कबूल करा. कर्ज देणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवून योजना मंजूर करून घ्यायची सोय 1920 च्या दिवाळखोरी कायद्यात आहे, संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश सावकार तयार लागतात, पण त्यासाठी दिवाळखोरीचा अर्ज करावा लागतो, तुमच्या आकड्यांना त्याची गरज दिसत नाही.

पुढे खरंच सेटलमेंटची वेळ आली, म्हणजे नोकरी गेली वगैरे, तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि बाकीचं देणं माफ हे लिहून आल्याशिवाय एक रुपया भरू नका, आणि भरायचा तो कर्जखात्यातच, एजंटच्या यूपीआयवर नाही. रिपोर्टवर सेटल्ड लागतं, क्लोज्ड नाही, आणि पुढचं कर्ज मिळताना ते आडवं येतं.

वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला मनाई आहे, धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांसमोर अपमान हेही चालत नाही, तसं झालं तर नंबर, वेळ, रेकॉर्डिंग ठेवून बँकेला लिहा. थकलं म्हणून अटक होईल असं कोणी म्हणालं तर घाबरू नका, नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही, वर सांगितलेली बाऊन्सची केस ही वेगळी गोष्ट. कोर्टाचा हुकूम झाला तरी पूर्ण पगार जप्त होत नाही, पहिले हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो, पीएफलाही हात लावता येत नाही.

भावाला मात्र बँकेत जायच्या आधी सांगा, तो जामीन आहे त्या पतसंस्थेचा हप्ता चालू ठेवणार आहे हेही सांगा, जामीनदाराला पतसंस्थेच्या पत्रातून कळलं तर ते त्याला जास्त लागेल.